आतून फोन लाव

“मला बाबाकडे राहायचंय,” कुसुम म्हणाली. “बाबा ऐकतो. आई ऐकत नाही.”

नऊ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, गुडघ्यावर खपली, आणि बोलण्यात कुठंही अडखळणं नाही. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून बसल्यावर अशी उत्तरं पुष्कळ ऐकावी लागतात. बरीचशी पढवलेली असतात. ती ओळखायला फार अक्कल लागत नाही: पोर उत्तर देतं आणि बरोबर आलं का म्हणून दाराकडे बघतं. कुसुमनं दाराकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही रागावलात का?”

“नाही गं. का?”

“तुमचं तोंड काहीच करत नाहीये.”

हल्लीची मुलं हे हमखास म्हणतात. आम्हाला शिकवलं होतं की समुपदेशकाचा चेहरा कोरा असावा, म्हणजे समोरच्याला हवं ते बोलता येतं. आता वर्षातून एकदा त्याच्या नेमका उलटा वर्ग भरतो. दर दोन वाक्यांनी मान हलवा, भुवया उचला, नाहीतर मुलं बिचकतात. मी त्या वर्गात मागच्या बाकावर बसते आणि चहा आला की जागी होते. निवृत्ती तोंडावर आली आहे. आता या वयात भुवयांना कोण शिकवणी लावणार?

“मी ऐकतेय,” मी म्हटलं. “माझं नाव स्नेहल.”

“आजीसारखं नाव आहे,” ती म्हणाली. खोटं नव्हतं. आता म्हाताऱ्या बायका सगळ्या स्नेहल आणि प्राजक्ता, आणि शाळेच्या पटावर कुसुम, विमल, शांता.

प्रकरण तसं साधं होतं. शार्दूल भाटकर मालवाहू बोटीवर इंजिनिअर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. बायको केतकी रत्नागिरीतच, मासळी गोठवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. दोघांनी घटस्फोट सामंजस्यानं घेतला होता, भांडीकुंडीसुद्धा न भांडता वाटली होती. वाटता न येणारी गोष्ट एकच होती, ती माझ्यासमोर बसून पाय हलवत होती. शार्दूलनं आता बोट सोडून बंदरात नोकरी धरली होती आणि त्याला कुसुम हवी होती. न्यायाधीशबाईंनी आठवडाभर तिला त्याच्याकडे राहायला पाठवायचं ठरवलं. त्यानंतरच्या सोमवारी त्या स्वतः तिला विचारणार होत्या. मुलं काय म्हणतात याला त्या फार मान देत. कुसुम जे म्हणेल तेच होणार, हे दोन्ही वकिलांना ठाऊक होतं.

“बाबा काय ऐकतो?” मी विचारलं.

“माझी गोष्ट. मी रोज फोनवर सांगते. पहिलीत असल्यापासून चालू आहे, अजून संपली नाही.”

“आणि आई?”

“आई बांगडे तळते. ती नेहमी रागावलेलीच असते.”

इथं हुंकार समजावून सांगायला हवा. तो सगळ्यांच्या फोनमध्ये असतो आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात राहत नाही.

दोन माणसं समोरासमोर बोलतात, तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा लागतो. ऐकणाऱ्याची मान, डोळे, ‘हं’ हे तर त्याच्याही आधी येतं. मेंदू हे सगळं नकळत मोजत असतो. होकार थोडा जरी उशिरा आला, तरी त्याला वाटतं, याचं लक्ष नाही. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागलेलं नाही. ‘हं’ थांबला की सांगणारा विचारतोच, झोपलास काय रे?

भर समुद्रातल्या बोटीवरून बोलताना हे गणित कोलमडायचं. उपग्रहाची जोडणी, तीवर सगळ्या बोटीची गर्दी, त्यामुळं बोलणं एक-दोन सेकंद मागं. बायको विनोद करून गप्प बसे, नवरा दोन सेकंदांनी हसे, आणि तेवढ्यात भांडण पेटलेलं असे. मग तंत्रज्ञांनी एक युक्ती केली. तोवर फोनवरून खरं चित्र जाणं बंदच झालं होतं. चेहऱ्यावरचे काही मोजके बिंदू जात, भुवईचं टोक, ओठाचा कोपरा असे, आणि पलीकडचा फोन त्यांवरून चेहरा पुन्हा रेखाटत असे. मग बिंदू यायला उशीर झाला तर तेवढ्यापुरता चेहरा अंदाजानं रेखाटला, म्हणून काय बिघडलं? बोलणाऱ्याच्या शब्दांवरून आणि सुरावरून कळतंच की आता ऐकणारा मान हलवेल, आता हसेल. त्या माणसाची जुनी बोलणी यंत्राला दाखवली की तो हसतो कसा हेही कळतं. आधी अंदाज अर्ध्या सेकंदाचा होता, मग दोन सेकंदांचा झाला. पुढं असं दिसलं की बिंदू मुळीच आले नाहीत, माणूस उठून गेला, तरी पलीकडच्याला फरक कळत नाही. उलट बोलणं जास्त वेळ चालतं आणि दोघंही खूश राहतात. धंद्याच्या दृष्टीनं याहून गोड बातमी नाही. मग खरे बिंदू वेळेवर आले तरी फोन अंदाजाचाच चेहरा दाखवू लागला. चार-पाच वर्षांत हुंकार घरोघरी पोचला, आणि तो बंद करायची सोय सेटिंगच्या अशा कोपऱ्यात गेली की शोधणारा कंटाळून परत फिरावा.

मोठ्यांचं यात फारसं अडलं नाही. अडलं ते मुलांचं. तोंड वाचायला माणूस चुकत चुकतच शिकतो. आई दमलेली असते, पोराला वाटतं रागावली. मग ते विचारतं, मार खातं, रडतं आणि शेवटी त्याला कळतं. असं शेकडो वेळा व्हावं लागतं. हुंकाराचा चेहरा चुकायची संधीच देत नाही. गंमत सांगा, तो हसतो. दुःख सांगा, त्याचे डोळे पाणावतात. अशा चेहऱ्यांच्या संगतीत वाढलेल्या मुलांना खरं तोंड म्हणजे बंद दुकान वाटतं. कुसुम त्यांतली होती. हुशार, बोलकी, आणि तोंडांच्या बाबतीत निरक्षर.

केतकीला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. ती कामावरून थेट आली होती. मुलीची तक्रार अगदीच निराधार नव्हती. मिटलेले ओठ, कपाळावर दोन उभ्या रेषा, आणि नजर माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर.

“कुसुम म्हणते, तुम्ही ऐकत नाही.”

“तिच्या फोनची वेळ आणि माझ्या स्वयंपाकाची वेळ एकच आहे, मॅडम. तव्यावर बांगडा असताना हं-हं कोण करत बसणार?”

“म्हणजे ऐकत नाही.”

“ऐकते की. कान काय तव्यावर असतात?”

“मग काय सांगते ती?”

केतकीनं सांगायला सुरुवात केली. मिरकरवाड्याच्या जेटीवर एका माकुलानं, म्हणजे स्क्विडनं, शिंप्याचं दुकान काढलं आहे. त्याला स्वतःला दहा हात, म्हणून तो सगळ्यांचेच सदरे दहा बाह्यांचे शिवतो. कुणी घेत नाही. मग एक खेकडीण येते. तिला दहा पाय. सदरा अगदी मापात बसतो, आणि तिच्यामुळं दुकान चालायला लागतं. पुढं सुरमईचं लग्न ठरतं. तिचा शालू फॉल लावायला येतो. एवढा भारी शालू बघून माकूल घाबरतो, त्याची शाई सुटते आणि शालूवर सांडते. तो दुकानाला कुलूप लावून खोल पाण्यात निघून जातो. सध्या खेकडीण त्याला शोधत फिरते आहे.

सांगताना तिच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही, पण गोष्टीतलं एक पात्र सुटलं नाही. बोयरीण नावाची एक भांडकुदळ मासोळी होती, तिची तीन वाक्यं तर तिनं जशीच्या तशी म्हटली.

“तुम्ही हे ऐकता, हे कुसुमला ठाऊक आहे?”

“ती मला कुठं सांगते? त्याला सांगते. मी मध्ये कशाला तोंड घालू?” तिनं भिंतीवरची नजर माझ्याकडे वळवली. “तुम्हाला हुंकार ठाऊक असेल ना, मॅडम?”

“आहे.”

“कुसुम सात वर्षांची होती तेव्हा मला पुन्हा दिवस गेले होते. ते राहिलं नाही. मी दवाखान्यातून शार्दूलला फोन केला, सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली. डोळे भरून आले त्याचे. खरं सांगते, फार आधार वाटला मला. मग तो सुटीवर घरी आला, आणि दारातच माझ्याकडे बघून म्हणाला, काय गं, अजून पोट दिसत नाही?”

अशा वेळी कोरा चेहरा कामाला येतो.

“वकील म्हणाले, हे पोरीला सांगा, केस तिथंच संपेल,” केतकी म्हणाली. “पण तिचं तेवढं एक सुख आहे हो. रोज कुणीतरी तासभर फक्त तिचं ऐकतंय. ते मी काढून घेऊ? आणि त्याच्या बदल्यात देऊ काय? हे?”

तिनं स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

ती सांगणार नव्हती, आणि मला सांगता येत नव्हतं. मुलाच्या कानात आपण काही घालायचं नाही हा आमचा पहिला नियम. तो बरा आहे, पण त्या दिवशी मला तो मुळीच आवडला नाही.

शार्दूलला मी राक्षस समजूनच बोलावलं होतं. आला तो एक थोराड, ओशाळा माणूस, हात कुठं ठेवावेत हे न कळणारा. इंजिनरूममध्ये आवाज इतका की कान झाकूनच वावरावं लागतं आणि सगळं बोलणं हातवाऱ्यांनी होतं. तिथं इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडाचे स्नायू गंजलेले असतात. मी त्यालाही तोच प्रश्न विचारला.

“गोष्टी सांगते. छान सांगते हो,” तो म्हणाला.

“कसल्या?”

“माशांच्या... असं काहीतरी.”

मी वाट पाहिली. वाट पाहिली की माणसं खरं बोलतात, निदान खोटं बोलून दमतात तरी.

“मॅडम, सुरुवातीला ऐकायचो,” तो म्हणाला. “पण ड्यूटी संपवून खोलीत आलो की मला झोप यायची नाही. खाली इंजिन, डोक्यात पण इंजिन. गोळ्या घेऊन बघितल्या. आणि हिचा फोन आला, हिचा आवाज सुरू झाला, की पाच मिनिटांत डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा ती ‘बाय बाबा’ म्हणत असायची. वर्षानुवर्षं तसाच झोपलोय.”

“आणि मान कोण हलवायचं?”

“फोन.”

“केतकीनं दवाखान्यातून फोन केला तेव्हाही झोपला होतात?”

“हो. तोवर फोन लागला की झोपायची सवयच झाली होती,” तो म्हणाला. आणखी कारणं देत बसला नाही. “तिनं मला सोडलं ते योग्यच केलं. पण कुसुम मला पाहिजे. जमिनीवर आलोय तरी तिच्या आवाजाशिवाय मला झोप नाही.”

मला त्याचा राग आला, आणि कीवही आली. राग थोडा जास्त होता.

आठवडा सुरू झाला आणि मधल्या एका संध्याकाळी मी नियमाप्रमाणं त्याच्या घरी पाहणीला गेले. मारुती मंदिराजवळ दोन खोल्यांची भाड्याची जागा, भिंतींना नव्या रंगाचा वास. शार्दूलनं वरण-भात केला होता, मुलीचे कपडे घडी करून ठेवले होते. प्रयत्नात खोट काढायला जागा नव्हती. बाहेरच्या खोलीत त्यानं दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या.

“चल, सांग,” तो म्हणाला. “आज मी नीट ऐकणार.”

कुसुमनं सुरुवात केली. खेकडीण खोल पाण्यात उतरते, तिथं तिला एक कासव भेटतं. शार्दूल पुढं झुकून, कपाळाला आठ्या घालून, जिवाच्या आकांतानं ऐकत होता. एखादा पुरजा बिघडल्यावर माणूस जसा बघतो तसा तिच्याकडे बघत होता. कासव बोलायला लागलं आणि कुसुमचा आवाज बारीक होत गेला. तिनं वाक्य अर्धं सोडलं.

“सांग ना,” तो म्हणाला.

“तू असा बघू नकोस.”

“कसा?”

“असा.” ती खुर्चीतून उतरली. “बाबा, तू आत जा ना. आतून फोन लाव.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. तो उठला आणि आतल्या खोलीत गेला, आणि क्षणभरानं कुसुमचा फोन वाजला.

मी जिथं बसले होते तिथून दोन्ही दिसत होतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगाच्या कडेला शार्दूल फोन हातात धरून बसला होता, तोंड फळीसारखं ताठ, डोळे फोनच्याही पलीकडे कुठंतरी. आणि इकडं कुसुमच्या हातातल्या फोनवर तोच शार्दूल गालाला खळी पाडून हसत होता, ‘पुढं?’ म्हणून भुवया उंचावत होता, कासवाच्या थापेवर मान मागं टाकून खदखदत होता. कुसुम भराभरा सांगत होती. तिचे पाय पुन्हा हलायला लागले. इतकी वर्षं या यंत्राबद्दल मी कागदोपत्री वाचलं होतं. दोन्ही बाजू अशा एकाच वेळी मी प्रथमच पाहत होते.

निघताना तो मला जिन्यापर्यंत सोडायला आला.

“बघितलंत?”

“बघितलं.”

“रोज असंच चाललंय. मी काय करू, मॅडम?”

“मला विचारू नका. मला सल्ला द्यायची मुभा नाही.”

“मुभा राहू दे बाजूला.”

मी दोन पायऱ्या उतरले होते. तिथंच थांबले. “सोमवारी बाई तिला विचारतील. तुम्ही गप्प राहिलात, तर ती तुमचं नाव घेईल. यात मला शंका नाही.”

“आणि मग मी रोज आतल्या खोलीत?”

तो जिन्याचा कठडा धरून उभा राहिला.

शनिवारी त्याचा निरोप आला की सगळ्यांना एकत्र बोलवाल का. न्यायालयाला सुटी होती, पण खोलीची किल्ली माझ्याकडे असते. केतकी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. शार्दूल कुसुमच्या समोर बसला आणि बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

“कुसुम, मी तुझी गोष्ट ऐकलेली नाही,” तो म्हणाला.

“कालची?”

“सुरुवातीच्या थोड्या सोडल्या, तर कुठलीच नाही. बोटीवर असताना मी झोपायचो. मला दुसऱ्या कशानंच झोप लागत नसे, तुझा आवाज आला की लागायची. मान हलवायचा तो फोन.”

कुसुम हसली. “हॅ! दहा बाह्यांच्या सदऱ्याला तू किती हसला होतास.”

“फोन हसला, बाळा. मी घोरत होतो.”

“खोटं. मग सांग, दुकानाला कुलूप का लागलं?”

शार्दूलनं ओठांवरून जीभ फिरवली. “गिऱ्हाईक येईना म्हणून?”

कुसुमचं हसू तसंच राहिलं, पण ते आता कशासाठी आहे हे तिलाच कळत नव्हतं.

“शालूवर शाई सांडली म्हणून,” केतकी खिडकीकडे बघत म्हणाली. “सुरमईच्या.”

कुसुम गर्रकन वळली. “तुला काय माहीत?”

“मी तिथंच असते ना.”

“सगळी ऐकलीस?”

“सगळी. बोयरीण मला आवडते.”

“मग बोलली का नाहीस?” कुसुम ओरडली. “एकदा तरी हसायचंस! एकदा तरी!” तिनं माझ्या टेबलाला लाथ मारली आणि मोठ्यानं रडायला लागली. केतकी उठली, दोन पावलं पुढं आली आणि तिथंच उभी राहिली. जवळ घ्यावं की नाही हे तिला कळेना. शार्दूलचंही तेच. मला एकदम फार वाईट वाटलं, तिघांबद्दलही. पण रडणाऱ्या मुलाला गप्प करायची घाई मी करत नाही. तिचं रडणं तिच्या हक्काचं होतं.

बऱ्याच वेळानं तिनं बाहीला नाक पुसलं आणि बापाकडे पाहिलं.

“तू रागावलास?”

“नाही.”

“मग तोंड असं का केलंयस?”

शार्दूल हसायला गेला, पण त्यानं तो प्रयत्न सोडून दिला. “घाबरलोय.”

“कशाला?”

“तू आता माझ्याशी बोलायची नाहीस म्हणून.”

कुसुम त्याच्या अगदी जवळ गेली. मान वाकडी करून तिनं त्याचं कपाळ पाहिलं, मिटलेले ओठ पाहिले. भुवयांच्या मधोमध दोन उभ्या वळ्या पडल्या होत्या, त्यांवर बोट ठेवलं.

“भीती अशी असते?”

“माझी अशी असते.”

तिनं बोट काढलं नाही. तसंच ठेवून मागं वळून आईकडे पाहिलं, आणि किती तरी वेळ पाहतच राहिली. केतकीला ते सहन होईना, तिनं तोंड फिरवलं. मला काही सुचवायचा मोह झाला होता, तो मी आवरला.

सोमवारी न्यायाधीशबाईंनी कुसुमला आपल्या खोलीत बोलावलं. वकील नाहीत, आईबाप नाहीत, फक्त मी एका बाजूला. बाईंनी तिला शेंगदाण्याची चिक्की दिली, शाळेबद्दल विचारलं आणि मग मुद्द्यावर आल्या.

“कुणाकडे राहायचंय तुला?”

“आईकडे.”

बाईंनी माझ्या अहवालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “स्नेहलमॅडमना तर तू बाबाचं नाव सांगितलं होतंस. आई ऐकत नाही म्हणून.”

“ऐकते. पहिल्यापासूनच ऐकते, मलाच माहीत नव्हतं.”

“म्हणून आई?”

“नाही.” कुसुमनं चिक्कीचा तुकडा गालात सरकवला. “ती रोज घाबरलेली असते. मला वाटायचं रागावलीय. एकटीनं घाबरून कसं चालेल? कुणीतरी पाहिजे ना तिच्याजवळ.”

बाईंचं पेन थांबलं.

“आणि बाबा? तो एकटा पडेल त्याचं काय?”

“त्याला मी रोज फोन करणार. ते मान हलवायचं आम्ही बंद केलंय. त्यानंच शोधून काढलं कुठं असतं ते. आता फोनमध्ये त्याचं खरं तोंड दिसतं.”

“मग तो परत झोपला, तर तुला दिसेल की.”

“झोपू दे,” कुसुम म्हणाली. “त्याला झोप लागावी म्हणूनच तर फोन करायचा.”